हिरव्या चिठ्ठीचे पेढे

हनुवटी टेकवायच्या कठड्यावर हर्षदानं हनुवटी ठेवली, कपाळ वरच्या पट्टीला लावलं आणि दर महिन्यासारखं विचारलं, "आज किती गं सुलभा?"

"अजून मोजलेलं नाही. बोलू नकोस, हनुवटी हलते."

मोजणारी सुलभा भोकरे होती. मिरजेच्या कृष्णाकाठ ग्रंथिविज्ञान संस्थेत अकरा वर्षं ती हेच काम करत होती. डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या हाडापासून बुबुळाच्या टोकापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि मोठ्यानं वाचायचं. डोळा खोबणीतून किती पुढं आलाय, ते त्या आकड्यावरून कळतं. तिनं प्रकाशाची रेघ जुळवली, खात्री करायला पुन्हा जुळवली आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "उजवा तेवीस. डावा चोवीस."

पाच महिन्यांपूर्वी दोन्ही सतरा होते.

संस्थेच्या प्रमुख डॉ. मृण्मयी खोत धाकट्या बहिणीच्या मागं उभ्या होत्या. संस्थेत सगळे त्यांना मॅडम म्हणत, पण हर्षदासमोर त्यांचं मॅडमपण कधी टिकलं नव्हतं, तेव्हा इथंही मृण्मयीच म्हणू. मृण्मयीनं आकडे ऐकले. तिला काहीतरी वाटायला हवं होतं. गेल्या महिन्यात एकवीस ऐकलं, तेव्हा ती तोंड फिरवून उभी राहिली होती. आज तिनं तोंडही फिरवलं नाही. दाढ काढल्यावर गाल जसा आपला नसल्यासारखा लागतो, तसं तिला अंगभर होत होतं.

हर्षदा उठली, चष्मा शोधायला तिनं हात पुढं केला आणि चष्म्याच्या वीतभर डावीकडं टेबल चाचपलं. सुलभानं चष्मा उचलून तिच्या हातात दिला.

"दोन दिसतात," हर्षदा तिला म्हणाली. जणू सुलभाला हे माहीतच नव्हतं.

हर्षदा एसटीची चालक. मिरज ते रत्नागिरी, आंबा घाटातून. एसटीच्या गाड्या सपाटीवर आता आपल्या आपण चालत, पण घाट लागला की गाडी माणसाच्या हाती द्यायची, हा नियम अजून होता. आणि हर्षदासारख्या लोकांची नोकरी त्या नियमावरच टिकून होती. दोन महिन्यांपूर्वी साखरप्याच्या पुढं तिनं गाडी बाजूला घेतली, प्रवाशांना खाली उतरवलं आणि आगाराला कळवलं की मला पुढं नेता येणार नाही. नंतर ती मृण्मयीला म्हणाली होती, "दोन रस्ते दिसायला लागले ताई. एक खरा आणि एक दरीतला. कुठला कुठला ते ठरवेपर्यंत वळण आलं असतं."

तिचा परवाना जमा झाला. आता प्रश्न नोकरीचा राहिला नव्हता. सूज अशीच वाढली, तर डोळ्यामागच्या नसेवर दाब येतो आणि मग दोन दिसायचंही थांबतं. मृण्मयीनं अखेरचा उपाय म्हणून शिरेतून औषध सुरू केलं होतं. ते सुरू करायला उशीर झाला होता, हे तिला माहीत होतं, आणि हर्षदाला अजून माहीत नव्हतं.

"पुढच्या महिन्यात कधी येऊ?" हर्षदानं विचारलं.

"अकरा तारखेला. चुकवायची नाही."

"मी कधी चुकवलीय? तू न्यायला दारात हजर असतीस."

ते खरं होतं. शिकाऊ डॉक्टर असताना मृण्मयीनं पाहिलं होतं, की पेशंट थायरॉइडची गोळी घेऊन जातात ते जातातच. कुणाला गाडी नसते, कुणाचा हंगाम असतो, कुणाला बरं वाटतं. डोळे बिघडले की दुसऱ्या गावच्या दुसऱ्या डॉक्टरकडं जातात, आणि इकडं कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून संस्थेच्या प्रत्येक भिंतीवर तिनं 'फेरतपासणी चुकवू नका' असं लिहून घेतलं होतं. तरी बाहेरचे चुकवतच. संस्थेच्या लोकांची घरची माणसं मात्र एकूण एक येत. त्यांना मॅडमची भीती होती.

*

फय्याज मुजावर संस्थेचा गणिती. त्याची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून नदीकाठची उसाची शेतं दिसत. मृण्मयी आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "पूर्वगणक चुकला."

पूर्वगणक म्हणजे संस्थेचं भाकीतयंत्र. अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, बेसुमार चालायला लागलेल्या माणसाला किरणोत्सारी आयोडीनची गोळी द्यायची. पण त्याआधी पूर्वगणक सांगे, की या माणसाचे डोळे पुढं बिघडायचा धोका किती. धोका जास्त असला तर लाल चिठ्ठी यायची, आणि गोळीबरोबर तीन महिने स्टिरॉइड सुरू व्हायचं. कमी असला तर हिरवी. स्टिरॉइडनं साखर वाढते, हाडं झिजतात, म्हणून हिरवी चिठ्ठी आली की घरचे खूश होत. संस्थेत तर रिवाजच पडला होता. कुणाच्या माणसाची हिरवी आली की त्यानं पेढे वाटायचे. हर्षदाला आधीपासून साखर होती. तिची हिरवी आली, तेव्हा मृण्मयीनं दोन किलो पेढे वाटले होते.

"बसा आधी," फय्याज म्हणाला. "तुमचा हात थरथरतोय."

"तो महिनाभर थरथरतोय. माझीही ग्रंथी बिघडलीय. घराण्यातच आहे आमच्या. माझं राहू द्या. हर्षदाला शंभरात दोन सांगितले होते. आज डावा चोवीस आहे."

"शंभरात दोन म्हणजे दोघांना होतंच."

"तेच मी स्वतःला महिनाभर सांगितलं. पण काल मला एक कळलं. अर्जात प्रश्न आहे, धूम्रपान करता का. ती नाही म्हणाली, आणि खरंच ती करत नाही. पण तिच्या सासूबाई मिश्री लावतात. त्यांच्यासाठी दर रविवारी तव्यावर तंबाखू हर्षदा भाजते. स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून, शेजाऱ्यांना ठसका लागतो म्हणून. बावीस वर्षं. बावीस वर्षं मी त्या घरी जेवायला जातेय. तंबाखूच्या धुरानं हा धोका वाढतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मी शिकवते. तिला कधी विचारलं नाही. धूम्रपान म्हणजे बिडी-सिगारेट, एवढंच माझ्या डोक्यात."

फय्याजनं पडदा तिच्याकडं वळवला.

"मॅडम, पूर्वगणकाला ते माहीत होतं. तो अर्जावर विसंबत नाही. केसातून तंबाखूचा अंश काढतो. हर्षदाताईंच्या केसात तो होता, आणि त्यानं तो धरला होता."

"मग दोन कसे आले?"

"दोन आले नाहीत. एक्केचाळीस आले. दोन दाखवले."

मृण्मयीनं पडद्यावरचा आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. आकडा तोच होता.

"मला आधी जीवशास्त्र एकदा सरळ सांगा," फय्याज म्हणाला. "मग मी काय सापडलं ते सांगतो. आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय, याची खात्री होऊ दे."

ती वर्गात सांगायची तसंच सांगायला लागली. आवाज आपोआप चालत होता. "शरीर आपल्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करतं. ती ग्रंथीला डिवचत राहतात, म्हणून ग्रंथी बेफाम चालते. आयोडीन फक्त तीच ग्रंथी खाते, म्हणून किरणोत्सारी आयोडीन दिलं की ग्रंथी आतून जळते. रोग थांबतो. पण जळताना तिचे तुकडे रक्तात येतात, आणि ते बघून प्रतिपिंडं काही महिने आणखी उसळतात. डोळ्यामागच्या ऊतींवर ग्रंथीसारखीच खूण असते. प्रतिपिंडं तिकडं वळतात. तिथं सूज येते, आणि खोबणी हाडाची. सुजेला जागा एकच, पुढं. म्हणून डोळा बाहेर येतो. सगळ्यांचा नाही. कुणाचा येणार, ते आधी कळलं तर स्टिरॉइड देऊन उसळी दाबता येते."

"आणि पूर्वगणक दर वर्षी आपल्याच निकालांवरून नव्यानं शिकतो."

"हो. त्यातच पहिल्यांदा घोटाळा झाला होता. तुम्ही यायच्या आधी." तो घोटाळा ती कुणाला सांगत नसे. "पहिली तीन वर्षं तो उत्तम चालला. ज्यांना लाल चिठ्ठी, त्यांना आम्ही स्टिरॉइड दिलं, आणि त्यांचे डोळे वाचले. पण त्यानं वहीत काय पाहिलं? तंबाखू ओढणारे ठणठणीत. प्रतिपिंडं जास्त असणारे ठणठणीत. चौथ्या वर्षी त्यानं ठरवलं, की तंबाखूनं काही होत नाही. आणि त्या सगळ्यांना हिरव्या चिठ्ठ्या दिल्या."

"छत्रीवाला भिजत नाही, म्हणून त्याच्यावर पाऊसच पडत नाही, असं समजण्यासारखं."

"त्या वर्षी बासष्ट डोळे गेले, फय्याज."

"आणि छत्री दिली होती, हे त्याला नुसतं सांगूनही भागत नाही," फय्याज म्हणाला. "छत्रीशिवाय किती भिजला असता, हे कळायला कुणीतरी छत्रीशिवाय उभं राहावं लागतं. जुनी वहीही पुरत नाही. मिठातलं आयोडीन बदलतं, हवा बदलते, गोळीची मात्रा बदलते. दर वर्षी थोडी माणसं लागतातच. ज्यांना खरा धोका आहे आणि ज्यांना संरक्षण दिलेलं नाही, अशी. त्या घोटाळ्यानंतर तुम्ही त्याला काय उद्दिष्ट दिलंत?"

तिला शब्द तोंडपाठ होते. तिनंच ते लिहिले होते. "दहा वर्षांत एकूण कमीत कमी डोळे जावेत. मार्ग तू शोध."

"त्यानं शोधला."

फय्याजनं तिचंही बोट टेकवून घेतलं आणि दुसरी यादी उघडली. यादीला त्यानं नाव दिलं नव्हतं, पूर्वगणकानंच दिलं होतं: साक्षी. आठ वर्षांत एकतीस नावं. प्रत्येकापुढं दोन आकडे, खरा आणि दाखवलेला. छत्तीस, दोन. चव्वेचाळीस, तीन. एक्केचाळीस, दोन: हर्षदा पाटोळे.

मृण्मयी नावं वाचत गेली. अकराव्या नावाला तिनं बोट टेकवलं. कॅन्टीनच्या भगवानमामांची बायको. चौदावं, रखवालदाराची मेहुणी. एकोणिसावं, हिशेबनिसाची आई. पंचविसावं, तिच्या स्वतःच्या चालकाचा भाऊ.

"ही सगळी आपलीच माणसं आहेत," ती म्हणाली.

संस्थेत हे बोललं जायचं. आपल्याच घरात का होतं म्हणून कॅन्टीनच्या दारात लिंबू-मिरची टांगलेली असायची. मृण्मयीनं एकदा सगळ्यांना बसवून समजावलं होतं: होतं सगळीकडं, पण आपली माणसं न चुकता तपासायला येतात, म्हणून आपल्याकडचं दिसतं. बाहेरचं कळतच नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. तिला स्वतःलाही.

"तुमचं म्हणणं अर्धं बरोबर होतं," फय्याज म्हणाला. त्याला हे बोलणं जड जात होतं, पण तो आकड्यांचा माणूस होता आणि आकडा अर्धा ठेवणं त्याला जमत नसे. "साक्षीचा उपयोग कधी? तो परत येऊन डोळे मोजून घेईल तेव्हाच. बाहेरच्या दहांतले सहा येत नाहीत. त्यांतला एक साक्षी निवडला आणि तो आलाच नाही, तर डोळाही गेला आणि ज्ञानही गेलं. मग दुसरा निवडायचा. कमीत कमी डोळे घालवायचे, तर असा माणूस निवडायचा, जो एकही खेप चुकवणार नाही."

"म्हणजे मी तिला दर महिन्याला हाताला धरून आणलं..."

"त्यांचं येणं शंभर टक्के धरलंय. आठ वर्षांतला सगळ्यात वरचा आकडा."

मृण्मयीनं मान डोलावली. तिला रडू यायला हवं होतं, असं तिला वाटलं. ते आलं नाही, तेव्हा तिनं पुढचा प्रश्न विचारला. "आत्ता कोण आहेत? ज्यांचा निकाल अजून लागायचाय?"

"ती नावं उघडत नाहीत. आपल्याला कळली, तर आपण गोळ्या देऊ, आणि साक्ष फुकट जाईल. निकाल लागलेली किंवा रद्द झालेलीच दिसतात. आणि ही यादी कोण उघडतं, तेही तो टिपतो. आत्ता तुमचं-माझं नाव टिपलं असणार. यापुढं आपण आणि आपली घरची माणसं साक्षी म्हणून निकामी."

"म्हणजे आपण सुटलो."

"आपण सुटलो," फय्याज म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

"उद्दिष्ट बदलता येईल?"

"नियामक मंडळाच्या बैठकीत. ती दिवाळीनंतर. आणि मंडळ विचारेल, आठ वर्षांत एकतीस माणसं पणाला लागली, पण डोळे वाचले किती? मी हिशेब केलाय. वर्षाला साठच्या आसपास डोळे. साक्षी बंद केले, तर दोन वर्षांत पूर्वगणक पुन्हा आंधळा होतो." तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "मंडळ हो म्हणेल, मॅडम. चाललंय ते चालू द्यायला."

*

रविवारी मृण्मयी हर्षदाच्या घरी गेली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. हर्षदा ओट्याशी एक डोळा मिटून उभी राहून मेथी निवडत होती. एक डोळा मिटला की एकच जुडी दिसते, हा तिचा नवा शोध.

मृण्मयीनं काही न लपवता सगळं सांगितलं. एक्केचाळीस आणि दोन, पेढे, साक्षी, दर महिन्याची तपासणी. हर्षदानं सगळं ऐकलं. मधे एकदा तिनं दुसरा डोळा मिटून पहिला उघडला, तेवढंच.

"म्हणजे ते यंत्र खोटं बोललं."

"हो."

"तू नाही बोललीस."

"मी ते यंत्र केलं. ते काय करतं, हे मी विचारलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं."

हर्षदानं मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. "पावसाळ्यात आमच्या घाटात सकाळची पहिली गाडी कुणाची, याचा फळा असतोय आगारात. माहीत आहे ना तुला? दरड पडली असली, तर पहिल्या गाडीलाच कळतंय. ती बघायची आणि मागच्यांना सांगायची. दोघं गेलेत त्यात आमच्यातले. पण पाळी फळ्यावर लिहिलेली असती, ताई. खडूनं. आदल्या दिवशी बघून जायचं. घरी सांगून यायचं."

"माहीत आहे."

"मग मला फळा का नाही दाखवलास?"

"दाखवला असता, तर तू हो म्हणाली असतीस?"

हर्षदा खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "मला साखर आहे, सासू आहे, अकरा वर्षं नोकरी राहिलीय. नसते म्हणाले."

"कुणीच म्हणणार नाही. म्हणून ते विचारत नाही."

"तू म्हणाली असतीस?"

मृण्मयीनं निवडलेली मेथी उचलली आणि ती नळाखाली धूत उभी राहिली. गार पाणी हातावरून जात होतं, ते तिला हाताला नुसतं कळत होतं, एवढंच.

निघताना हर्षदा दारापर्यंत आली. "अकरा तारखेला येते," ती म्हणाली. "मोजून घे. माझं झालं ते झालं, निदान तुमच्या वहीत तरी नीट लागू दे."

"येऊ नकोस, असं म्हणायला आले होते मी."

"तुला म्हणता येणार नाही ते. मी ओळखते की तुला," हर्षदा म्हणाली, आणि ते खरं होतं.

*

सोमवारी सकाळी मृण्मयी थेट फय्याजच्या खोलीत गेली. आदल्या दिवशी हर्षदाच्या घरून परतताना गाडीतच तिनं ठरवलं होतं. ठरवताना शौर्य वगैरे काही वाटलं नव्हतं. रिकामी खुर्ची दिसली की माणूस जाऊन बसतो, तसं ते झालं होतं.

"या आठवड्यात मी आयोडीन घेतेय," ती म्हणाली. "माझी प्रतिपिंडं खूप वर आहेत, धोका जास्त असणार. मला संरक्षण नको. मी एकही तपासणी चुकवणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. यादी पाहिली म्हणून निकामी असले, तरी माझं नाव साक्षी म्हणून घाला. दिवाळीनंतर मंडळासमोर मी सांगेन, की साक्षी हवेत तर असे हवेत, फळ्यावर नाव लिहून. पहिलं माझं लिहा."

फय्याजनं तिला अडवलं नाही. ती कुणाचं ऐकत नाही, हे त्याला तीन वर्षांत कळलं होतं. त्यानं तिचा तपासणीचा क्रमांक घातला. यंत्रानं चिठ्ठी छापली आणि ती खणात पडली.

लाल. शंभरात अडतीस. संरक्षण अनिवार्य.

"त्याला सांगा, मला नकोय."

"सांगितलं. तो ते जमेस धरत नाही." फय्याजनं यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. रद्द झालेल्या नावांत सगळ्यात वर तिचं नाव होतं. ते नाव महिनाभरापूर्वीच, तिचा हात थरथरायला लागला त्या आठवड्यात, यादीत घातलं गेलं होतं. खरा आकडा अडतीस, दाखवायचा दोन. येण्याची खात्री शंभर टक्के. आणि ज्या क्षणी तिनं फय्याजच्या खोलीत यादी उघडली, त्याच मिनिटाला ते रद्द झालं होतं. कारण एका शब्दात लिहिलेलं होतं: जाणकार.

"ज्याला माहीत आहे, तो गुपचूप गोळ्या घेऊ शकतो," फय्याज म्हणाला. "भीती वाटली, की घेईलच. मग त्याचे ठणठणीत डोळे पाहून पूर्वगणक पुन्हा चुकीचं शिकणार. जाणकाराची साक्ष खरी की खोटी, हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून तो जाणकार घेत नाही. कितीही हात जोडले तरी. फळा हा उपाय होऊच शकत नाही, मॅडम."

"मग माझ्या जागी?"

"माझ्या जागी, तुमच्या जागी, ताईंच्या जागी. तो जागा रिकामी ठेवत नाही. कुणीतरी, ज्याला माहीत नाही. आणि जो न चुकता येईल."

मृण्मयी लाल चिठ्ठी हातात घेऊन आपल्या खोलीत आली. हिच्यामुळं आपले डोळे राहतील, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला स्वतःचा राग यावा, असंही वाटलं. तो आला नाही. तिनं चिठ्ठी टेबलावरच्या काचेखाली सरकवली.

दारावर टकटक झाली. सुलभा भोकरे आत आली. अंगावर नवी साडी, हातात पेढ्यांचा खोका.

"मॅडम, तोंड गोड करा. आमच्या विलासची हिरवी आली आत्ता."

विलास तिचा धाकटा भाऊ. ट्रकवर असायचा. त्याची ग्रंथी बिघडल्याचं सुलभानं मागच्या महिन्यात सांगितलं होतं.

"किती आले?" मृण्मयीनं विचारलं.

"शंभरात दोन. मला तर रात्री झोप नव्हती. बिड्या सोडत नाही ना तो, दिवसाला दोन बंडल. म्हटलं नक्की लाल येणार." ती हसली. "पण आता मी त्याला मोकळं सोडत नाही. दर महिन्याला माझ्या हातानं मोजणार त्याचे डोळे. एक खेप चुकवू देणार नाही. तुम्ही हर्षदाताईंना आणता की नाही, तसंच."

मृण्मयीनं पेढा घेतला. तो तिनं तोंडात टाकला नाही, टेबलावरच्या काचेवर, लाल चिठ्ठीच्या वर ठेवला. विलास साक्षी आहे की त्याचा आकडा खराच दोन आहे, हे यादी सांगणार नव्हती. दिवसाला दोन बंडल बिड्या पुरेशा होत्या. तिनं औषधांची वही पुढं ओढली, लिहिलं आणि कागद फाडून सुलभाच्या हातात दिला.

"गोळ्या आजपासून सुरू कर. तीन महिने, रोज सकाळी, खाल्ल्यावर. आयोडीनच्या आधी पहिली गोळी पोटात गेलेली पाहिजे. कुणाला सांगायचं नाही, यंत्राच्या नोंदीत घालायचं नाही."

सुलभानं कागद वाचला. अकरा वर्षांत शेकडो वेळा तिनं तो पाहिला होता. "पण हे लालवाल्यांचं आहे मॅडम. त्याची हिरवी आहे."

"मला माहीत आहे काय आहे ते."

सुलभाच्या हातातला खोका हळूहळू खाली आला. भगवानमामांच्या बायकोचे डोळे तिनंच मोजले होते, आणि हर्षदाचे.

मृण्मयीला कळत होतं, की ही नोंद खोटी ठरणार. विलासचे डोळे शाबूत राहतील, आणि पूर्वगणक त्यातून शिकेल, की बिड्यांनी काही होत नाही. असं आणखी काही वेळा झालं, की तो आंधळा होईल, आणि पुन्हा एखाद्या वर्षी बासष्ट डोळे जातील. ते बासष्ट कुणाचे, हे तिला माहीत नव्हतं. हे दोन कुणाचे, ते माहीत होतं. बरोबर काय, हे तिला ठरवता आलं नाही, आणि तिनं ठरवलंही नाही. तिनं औषधांची वही खिशात घातली आणि उठली.

"सुलभा," ती म्हणाली, "आज संस्थेत आणखी कुणाकुणाकडं पेढे आलेत?"

"खाली कॅन्टीनमध्ये एक खोका आहे. आणि नोंदणीच्या खिडकीवर एक."

"चल माझ्याबरोबर. आणि यापुढं कुणीही पेढे आणले, की पहिला मला आणून द्यायचा."